तितिक्षेचं व्याकरण

मे महिन्यात अकोला किंवा चंद्रपूर ४५ अंशांवर गेल्याची बातमी येते, तो आकडा सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक कधीच उन्हात उभा राहत नाही. त्याच्यासाठी पांढऱ्या रंगाची लाकडी पेटी असते. चारी बाजूंना झिलमिल्या, वर दुहेरी छप्पर, खाली पाय आणि वारा खेळता राहील अशी मोकळी जागा. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या वडिलांनी, टॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या अभियंत्याने, ती एकोणिसाव्या शतकात तयार केली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तापमापकाचे एवढे लाड करायला शास्त्रीय कारण आहे. उन्हात ठेवला तर तो हवेचं तापमान सांगायचं सोडून स्वतःच्या अंगाची काहिली सांगू लागतो. म्हणजे ऊन किती आहे हे सांगायची नोकरी ज्याला दिली त्याला आधी सावली द्यावी लागते, नाहीतर त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवता येत नाही. एवढं करूनही मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांचा आकडा दाखवला, आणि संवेदक बिघडल्याचा खुलासा खात्याला करावा लागला. यंत्रालाही ऊन लागतं. त्याच दिवसांत त्याच शहरात डांबर अंथरणारा मजूर छप्पर, झिलमिल्या आणि खुलासा यांपैकी कशावाचूनही काम करत होता. त्याच्यासाठी आपण लाकडी पेटीपेक्षा पुष्कळ स्वस्त वस्तू शोधून ठेवली आहे. तिचं नाव तितिक्षा.

तितिक्षा म्हणजे सोसण्याची शक्ती. वेदान्ताच्या विद्यार्थ्याच्या अंगी जे सहा गुण असावे लागतात, शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान, त्यांतला हा चौथा. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तिची व्याख्या कडक आहे: वाट्याला आलेली सगळी दुःखं प्रतिकार न करता सोसायची, आणि सोसताना चिंता किंवा विलापही करायचा नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हीच गोष्ट थेट हवामानाच्या भाषेत येते. इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख जाणवतं. ते येतं आणि जातं. म्हणून ते सोसावं. एवढ्या मोठ्या विचाराला दाखला म्हणून उन्हाची निवड व्हावी, हे आपल्या हवेला धरूनच झालं. प्रश्न असा, की हा गुण कोणाचा आणि तो कोणी कोणाला शिकवायचा? कारण दर उन्हाळ्यात तितिक्षेचं जे उदंड पीक येतं ते वेदान्ताच्या पाठशाळेत येत नाही, ते गार खोलीत येतं. ‘पूर्वी कुठे होते पंखे?’, ‘हल्ली लोकांना सोसवतच नाही’, ‘मनात आणलं की ऊन लागतं’ ही सुभाषितं बहुधा अशा ठिकाणी जन्म घेतात जिथे बोलणाऱ्याच्या पायांवर शाल असते, कारण यंत्र १८ वर लावलेलं असतं. माझं म्हणणं असं, की तितिक्षेला व्याकरण आहे आणि ती प्रथमपुरुषी एकवचनातच चालते. ‘मी सोसतो’ हे व्रत. ‘तू सोस’ म्हटल्याबरोबर व्रत संपतं आणि हुकूम सुरू होतो. माझी एकादशी हा उपवास; शेजाऱ्याच्या फडताळाला मी कुलूप घातलं तर तिला उपासमार म्हणतात, मग तिथी कोणतीही असो.

यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे. गीता हाच मुळी दुसऱ्याला केलेला उपदेश. श्रीकृष्ण अर्जुनाला ‘सोस’ म्हणतो, मग व्याकरण कुठे राहिलं? पण तो उपदेश कुठे बसून केला ते पाहावं. सांगणारा सारथी आहे. त्याची जागा पुढे. घोड्यांची धूळ पहिल्यांदा त्याच्या तोंडावर, समोरून येणाऱ्या बाणाला तो आधी दिसणार, आणि वर हातात शस्त्र न धरण्याची प्रतिज्ञा. ज्या उन्हात अर्जुन, त्याच उन्हात तो. ऐकणारा प्रौढ आहे, धनुर्धर आहे, रथ मागे घ्यायला सांगू शकतो. आणि सगळं सांगून झाल्यावर श्रीकृष्ण त्याला नीट विचार करून तुझ्या इच्छेप्रमाणे कर असंच म्हणतो. ज्याला नाही म्हणायची सोय आहे त्यालाच सोसायला सांगण्यात काही अर्थ असतो. मुकादमाने दुपारी दोन वाजता कडुनिंबाखालून ओरडून सांगितलेली तितिक्षा या जातीची नव्हे. जाता जाता पंचांगाचाही एक दाखला: गीताजयंती येते मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला. म्हणजे परंपरेच्या हिशेबाने हा संवाद कुरुक्षेत्रावर थंडीच्या दिवसांत झाला. वैशाखात झाला असता तर सिद्धान्त बदलला असता असं कोणी म्हणणार नाही. अध्याय मात्र बहुधा अठरा झाले नसते.

आपल्या परंपरेने उन्हाकडे खरोखर कसं पाहिलं हे सिद्धान्तांपेक्षा कथांत स्वच्छ दिसतं, आणि तिथे पुरावा थेट सूर्याच्या घरातूनच मिळतो. विष्णुपुराणात विश्वकर्म्याची मुलगी संज्ञा ही सूर्याची पत्नी. नवऱ्याचं तेज तिला सोसवेना, तेव्हा तिने आपल्या जागी छायेला ठेवलं आणि ती वनात निघून गेली. फार ऊन झालं की संज्ञा निघून जाते. उष्माघाताचं याहून नेमकं लक्षण वैद्यकाच्या पुस्तकातही सापडायचं नाही. पुढे सगळा उलगडा झाल्यावर विश्वकर्म्याने मुलीला प्राणायाम सांगितला नाही की सहनशीलतेचं महत्त्व पटवून दिलं नाही. त्याने जावयालाच फिरत्या यंत्रावर चढवलं आणि त्याच्या तेजाचा आठवा हिस्सा तासून काढला. त्या तासलेल्या तेजातून विष्णूचं चक्र आणि शिवाचा त्रिशूळ घडला. उष्णता उगमापाशीच कमी करण्याचा आपल्या वाङ्मयातला हा आद्य प्रकल्प, आणि जावयावर केलेला म्हणून विशेष धाडसाचा. दुसरी कथा महाभारताच्या अनुशासनपर्वातली. जमदग्नी बाण सोडण्यात दंग होते आणि रेणुका ते वेचून आणत होती. दुपार चढली, तिचे पाय आणि डोकं भाजू लागलं, ती क्षणभर झाडाखाली थांबली आणि परतायला उशीर झाला. कारण कळल्यावर जमदग्नींनी बाण रोखला तो सूर्यावर. सूर्य ब्राह्मणाच्या वेषात खाली आला आणि तडजोड म्हणून छत्री आणि पादत्राणं देऊन गेला. जमदग्नींचा कोप याच रेणुकेच्या बाबतीत पुढे कुठवर गेला ते माहूरगडाची पायरी चढणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं, तेव्हा त्यांना आदर्श नवरा म्हणायची सोय नाही. भर दुपारी तिला बाण वेचायला लावलं कोणी, हेही विचारता येईल. पण उन्हाने पोळलेल्या माणसाला उपदेश करायचा नसतो, उन्हाला जाब विचारायचा असतो, एवढं त्या तापट ऋषीला कळलं होतं. भीष्म ही कथा युधिष्ठिराला सांगतात ती छत्री आणि जोडे दान का करावेत याचं उत्तर म्हणून.

देवांना तर तितिक्षा सांगायची कोणाची छातीच होत नाही. पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग निघेपर्यंत विठ्ठलाला चंदनाची उटी लागते. शिवाच्या पिंडीवर वैशाखात थेंब थेंब गळणारं अभिषेकपात्र टांगतात. पुरीला अक्षय्य तृतीयेपासून जगन्नाथाची चंदनयात्रा ४२ दिवस चालते, आणि पुढे ज्येष्ठी पौर्णिमेला १०८ घड्यांनी न्हाऊन देवाला चक्क ताप येतो. मग पंधरवडाभर दर्शन बंद. यात हसण्यासारखं काही नाही. प्रेमाला असंच सुचतं. पण युगानुयुगं विटेवर उभा असलेल्याला उन्हाळ्यात चंदन हवं हे ज्या धर्माला कळतं, त्याच धर्माच्या माणसांना डोक्यावरून विटा वाहणाऱ्या बाईला चंदन राहू द्या, माठसुद्धा लागत नाही असं वाटावं, हे तर्कात बसत नाही.

दुसरा आक्षेप शब्दाच्या मुळापासून येतो. ‘तप’ हा शब्दच तापण्यातून निघाला. चारी बाजूंना अग्नी आणि वर सूर्य असं पंचाग्निसाधन कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’तली पार्वती ऐन ग्रीष्मात करते. जैन मुनींच्या २२ परीषहांत उष्ण हा एक. ते अनवाणी चालतात, पंख्याखाली बसत नाहीत. मग ऊन सोसण्यात मोठेपणा नाही काय? आहे, निर्विवाद आहे. पण जैन परंपरेचा नेमकेपणा पाहण्यासारखा आहे. महाव्रतं मुनींची, अणुव्रतं श्रावकांची. रस्त्याने मुनी अनवाणी जातात आणि त्याच रस्त्यावरचे श्रावक पाखरांसाठी पाण्याची परळं भरून ठेवतात. पाखरांनीही परीषह शिकावा असं कोणा मुनींनी सांगितल्याचं ऐकिवात नाही. गीतेच्याच सतराव्या अध्यायात दुराग्रहाने स्वतःला छळून किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेल्या तपाला तामस म्हटलं आहे. बुद्धाने कठोर तप करून पाहिलं आणि सोडून दिलं. ग्रीसमधला डायोजेनीस उन्हाळ्यात तापल्या वाळूत लोळून अंगाला सवय लावायचा, आणि समोर उभ्या राहिलेल्या सिकंदराला ऊन अडवू नकोस म्हणाला अशी आख्यायिका आहे. मे महिन्यात अकोल्यात त्याने सिकंदराला थोडं डावीकडे सरकून नीट सावली धरायला सांगितलं असतं. आणि आपल्याकडे ज्ञानदेवांनी पाठ तापवली, त्या पाठीवर मुक्ताईने मांडे भाजले. या कथेत पाठ त्यांची स्वतःची होती आणि मांडेही त्यांच्याच घरात खाल्ले गेले. रस्त्यावर, वीटभट्टीवर, बांधकामावर आज जी पाठ तापते, तिच्यावर कोणाचे मांडे भाजले जातात, हा प्रश्न तपाच्या स्तुतीत सोयीने गळतो.

त्याचं उत्तर शोधायला सांख्यांकडे जावं लागतं. ईश्वरकृष्णाची ‘सांख्यकारिका’ सुरूच होते ती तीन प्रकारच्या दुःखांपासून. आपल्या शरीर-मनातून उठतं ते आध्यात्मिक, इतर जीवांकडून येतं ते आधिभौतिक, आणि दैवी शक्तींकडून येतं ते आधिदैविक. गौडपादांच्या भाष्यात थंडी, ऊन, वारा, पाऊस आणि वीज पडणं ही सगळी तिसऱ्या खात्यात आहेत. दुसऱ्या खात्यात पशू, पक्षी, साप, डास, उवा, ढेकूण आणि त्यांच्याच रांगेत माणूस. या वाटणीवर तितिक्षेचा पुष्कळ भार आहे. ज्याच्यापुढे हात टेकावेत असं दुःख आधिदैविक. तिथे सोसण्याला खरोखर शहाणपण म्हणता येतं, कारण सूर्याकडे अर्ज करता येत नाही. अडचण एवढीच, की गेल्या शंभर-दीडशे वर्षांत उन्हाचं खातेपालट झालं आहे. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये भारत आणि पाकिस्तानात आलेल्या लाटेचा शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा माणसाने तापवलेल्या हवेमुळे अशी लाट येण्याची शक्यता सुमारे ३० पटींनी वाढल्याचं निघालं. म्हणजे आजच्या झळांमधला बराच वाटा सूर्याच्या नावावरून काढून आपल्या नावावर चढवायला हवा, ढेकूण आणि डासांच्या शेजारी. बदली झाली तरी टेबलावरची पाटी जुनीच राहावी तसं आपण अजून ‘निसर्गाचा कोप’ म्हणत बसलो आहोत. सांख्यकारिका दृष्ट उपायांना अपुरे म्हणते हे खरं. ते कायमचे पुरत नाहीत अशी तिची तक्रार आहे. ते करू नका असं ती कुठेही म्हणत नाही.

या खातेपालटाचं सगळ्यांत सुबक उदाहरण म्हणजे वातानुकूलन यंत्र. गीतेतला स्थितप्रज्ञ प्रत्यक्ष पाहायचा असेल तर त्या यंत्रातला थर्मोस्टॅट पाहावा: उन्हाने खचत नाही, थंडीने हुरळत नाही. २०२० पासून आपल्याकडे विकायला येणाऱ्या खोलीच्या यंत्रांची मूळ मांडणी २४ अंशांवर असणं बंधनकारक केलेलं आहे. समत्वाचा अंश सरकारने असा राजपत्रातून ठरवून दिला. पण हे यंत्र थंडी तयार करत नाही. ते उष्णता उचलून बाहेर टाकतं. दीड टनाचं यंत्र खोलीतली सुमारे पाच किलोवॉट उष्णता ओढतं, त्यासाठी दीडेक किलोवॉट वीज खातं आणि दोन्हींची बेरीज खिडकीबाहेर सोडतं. कर्मसिद्धान्ताला त्याने एक नवं कलम जोडलं आहे: कर्म माझं, फळ खिडकीखालच्या इस्त्रीवाल्याचं. वीज कुठून येते पाहिलं तर गोष्ट आणखी लांब जाते. महानिर्मितीचं सर्वांत मोठं औष्णिक केंद्र, २,९२० मेगावॅटचं, चंद्रपूरला आहे. उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत ज्याचं नाव हटकून असतं त्या गावाने कोळसा जाळायचा, आणि मुंबई-पुण्यात लोकांनी मे महिन्यात रजई पांघरायची, अशी ही श्रमविभागणी आहे. रजईतून जेव्हा ‘सोसायला शिका’ असं ऐकू येतं तेव्हा ते मांडे कोणाचे होते ते कळतं.

मग गार खोलीत बसणं पाप काय? इथे माझ्याच युक्तिवादाने माझे हात बांधलेले आहेत. ‘तू सोस’ हे मजुराला म्हणणं चूक असेल, तर गार खोलीतल्या माणसालाही ते म्हणता येत नाही. त्यातही बाहेर ४५ आणि घरात हृदयविकाराची म्हातारी असेल तर यंत्र बंद करायला सांगणारा धर्मात्मा नव्हे, धोकादायक माणूस होय. शिवाय एकाने यंत्र बंद करून घामाघूम व्हायचं ठरवल्याने इस्त्रीवाल्याला गार वाटत नाही. वाटतं ते फक्त त्या एकाला, आणि तेही आतून. पण आपल्या परंपरेत पापाहून उपयोगी असा एक शब्द आहे: ऋण. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही जन्माबरोबर येतात. ती असणं लज्जास्पद नाही, नाकारणं लज्जास्पद आहे. गारवा हे तसंच ऋण. ज्याला तो मिळाला त्याच्याकडे सावली, पाणी आणि दुपारची विश्रांती यांची बाकी निघते, आणि ती कोणाकडे भरायची हे शोधायला लांब जावं लागत नाही. खिडकी उघडली की पुरे.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो. शरीराला सवय होते, शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या उन्हात राबला, त्याला काय झालं? सवय होते, हे खरंच. उन्हात काम करत राहिलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पण सवयीला तळ असतो. शरीर आतून ३७ अंशांच्या आसपास ठेवण्याचं काम बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाल्यावर जवळजवळ एकट्या घामाकडे येतं, आणि घाम गारवा देतो तो वाळला तरच. विदर्भात कूलर चालतो आणि मुंबईत तोच कूलर खोलीची वाफाळ न्हाणी करतो, याचं कारण हेच. हवा कोरडी नसेल तर तपश्चर्या कितीही असो, घाम नुसता ओघळतो. पन्हं, ताक, सब्जा, डोक्याला बांधलेला दुपट्टा, खिशातला पांढरा कांदा, यांतल्या पहिल्या चौघांचं काम तर उघड आहे. कांद्याला श्रद्धेचे गुण द्यावेत. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मात्र याहून मोठी गोष्ट पुढे आहे. आतलं तापमान ४० च्या वर गेलं की आधी गोंधळ सुरू होतो, माणूस असंबद्ध बोलतो, मग शुद्ध हरपते. तितिक्षेची बैठक बुद्धीवर, आणि उष्माघात गाठतो तो आधी बुद्धीलाच. सोसायला जी ‘मी’ म्हणणारी जाग लागते तीच तिथे उरत नाही. संज्ञा निघून गेल्यावर समत्व ठेवायचं कोणी?

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत, खारघरच्या मैदानावर, राज्याच्या सर्वोच्च नागरी पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंची गर्दी होती, बहुतेक माणसं श्रद्धेने आलेली, शिस्तीने बसलेली. व्यासपीठावर छत होतं, मैदानावर नव्हतं. जवळच्या केंद्राने त्या दिवशी ३८ अंशांच्या आसपास नोंद केली, पेटीतल्या सावलीतली. उष्माघाताने १४ माणसं गेली. त्या माणसांनी कोणत्याही आचार्याच्या व्याख्येत बसेल एवढी तितिक्षा दाखवली होती: प्रतिकार नाही, विलाप नाही, उठून जाणं नाही. गुणाची कमतरता कुठेच नव्हती. कमतरता होती कापडाची.

राज्यसंस्थेचं तत्त्वज्ञान याहून वेगळं नाही, फक्त ते याद्यांतून व्यक्त होतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात राज्यांच्या आपत्ती निधीसाठी केंद्राने मान्य केलेल्या १२ आपत्तींत थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. शीत आणि उष्ण समान मानावेत असं गीता सांगते; यादीने एवढंही मानलं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात उन्हाळ्यात गार पाण्याची सोय करण्याची तरतूद होती, २५० हून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांसाठी. २५१ वा कामगार आला की बाकीच्यांना तहान लागते, असा त्यामागचा शरीरशास्त्रीय सिद्धान्त असावा. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरच्या कामाला कायद्याने बंदी असते. कोकणातून दुबईला गेलेल्या गवंड्याला ही विश्रांती हक्काने मिळते आणि कोकणातच राहिलेल्या त्याच्या भावाला मुकादमाच्या मर्जीने. आणि उपाय केल्याने काय होतं म्हणणाऱ्यांसाठी अहमदाबाद आहे. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ वर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं नंतरच्या अभ्यासात निघालं. २०१३ मध्ये त्या महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला: आधी इशारा, दवाखान्यांतल्या लोकांना शिक्षण, जागोजागी पाणी, आणि पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग. तापमापकाच्या पेटीला दीडशे वर्षांपूर्वी मिळालेला पांढरा रंग झोपडीच्या पत्र्यापर्यंत पोहोचायला एवढा वेळ लागला.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जुना आहे: ज्याचं त्याचं प्रारब्ध. हा आक्षेप खोडायला तर्क पुरत नाही, इतिहास लागतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा त्यांच्यामागे उभ्या असलेल्या हजारो माणसांना पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितलेलं होतं, की तुमची तहान हे तुमचं संचित आहे. सांगणाऱ्यांच्या घरी पाणी होतं. ‘तू सोस’ किती लांब जाऊ शकतं हे पाहायचं तर तिथवर पाहावं. आणि त्याला उत्तर त्याच परंपरेत, पैठणला, होतं. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड एकनाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली. भर दुपारी गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारं अस्पृश्य मानलेल्या घरातलं मूल त्यांनी उचलून कडेवर घेतलं. नाथांच्या शांतीच्या कथा महाराष्ट्रात घरोघर सांगतात; अंगावर थुंकणाऱ्यालाही ते रागावले नाहीत. स्वतःपुरती तितिक्षा त्यांच्याइतकी कोणाकडे असेल? तरीही वाळूवरच्या मुलाला त्यांनी एक शब्द शिकवला नाही. वाळू तापलेली होती आणि मुलाला चालता येत नव्हतं.

अक्षय्य तृतीयेला उदककुंभ देण्याची चाल आपल्याकडे अजून आहे, आणि चौकाचौकांत पाणपोयाही लागतात. अलीकडे पाणपोईत माठ दोन असतात आणि फलक वीस फुटी. चौकातली सगळी सावली त्या फलकाच्या मागे पडते, जिथे कोणी जात नाही. यंदा पाणपोई लावणार असाल तर एवढं करा: माठ सावलीत ठेवा, आणि पाणी पिणाऱ्याला दोन मिनिटं टेकता येईल एवढी सावली माठाशेजारीही राहू द्या. फलकावरचं नाव उन्हात राहिलं तरी चालेल.